लोणावळ्याची चौकशी आणि करीमची फाइल

'लोणावळ्यात नक्की काय झालं?' हा प्रश्न गेली काही वर्षं इतक्या ठिकाणी ऐकलाय की ज्यांनी 'द फॅमिली मॅन'चा एक एपिसोडही बघितला नाही त्यांनाही तो पाठ आहे. लग्नाच्या हॉलमध्ये, लोकलमध्ये, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, कुठेही लोणावळ्याचं नाव निघालं की कोणीतरी हे बोलणारच आणि बाकीचे हसणार. मला त्या हसण्याबद्दल लिहायचंय, कारण आपण मालिकेवर थिअरी कशा मांडतो, पुरावा कशाला मानतो आणि कुणाच्या बाबतीत पुरावा लागतच नाही असं धरून चालतो, हे सगळं त्या एका प्रश्नात दिसतं असं मला वाटतं.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सप्टेंबर २०१९ मध्ये प्राइम व्हिडिओवर ही मालिका आली, राज आणि डीके या जोडीची. श्रीकांत तिवारी, म्हणजे मनोज वाजपेयी, एनआयएच्या 'टास्क' नावाच्या एका काल्पनिक विभागात गुप्तहेर, मुंबईत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, पगार बेताचा, पोरं ऐकत नाहीत, घरी कळू द्यायचं नाही की आज कोणी आपल्यावर गोळ्या झाडल्या. सोबतीला जेके तळपदे, जो शारिब हाश्मीनं असा उभा केलाय की आपल्या बिल्डिंगमध्येच कुठेतरी राहत असेल असं वाटतं. बायको सुचित्रा, सगळे सुची म्हणतात, ती प्रियामणीनं केलीय. ती कॉलेजातली शिकवायची नोकरी सोडून एका स्टार्टअपमध्ये जाते, तिथे तिच्यासोबत काम करणारा अरविंद आहे, तो आपला शरद केळकर. आणि हे दोघं कामानिमित्त लोणावळ्याला जातात. झालं. इथून पुढे प्रेक्षकांनी जी चौकशी सुरू केली ती अख्ख्या टास्कनं केली नसेल.

आधी एक सांगते, थिअरी लढवणं मला मनापासून आवडतं. टीव्हीवरची मालिका म्हणजे बघायची आणि विसरायची असं म्हणणारे लोक मला कळतच नाहीत. हेरकथा बघताना आपण जितकं लक्ष देतो तितकं कामाच्या ईमेलकडेही देत नाही, कोण कुठे बघतोय, कोण नको तेव्हा गप्प बसला, कुणाच्या हातात फोन होता, हे सगळं आपण टिपतो आणि मग दुसऱ्या दिवशी कोणालातरी गाठून ते सांगतो, तो म्हणतो छे तसं नाही, तू तो आधीचा सीन विसरलीस, मग परत जाऊन तो सीन बघायचा. हे बारकाईनं वाचणंच आहे. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत ज्यांनी शाळा सुटल्यापासून एक पुस्तक हातात धरलं नाही पण मूसाच्या डोळ्यांवर तासभर बोलू शकतात.

मूसा म्हणजे पहिल्या सीझनचा सगळ्यात मोठा ट्विस्ट. (अजून बघायची असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, खरंच.) केरळचा पोरगा, इसिसमध्ये जाऊन फसलेला, पकडला गेलेला, आईची आठवण काढणारा. श्रीकांत त्याच्याशी बोलतो तेव्हा आपल्यालाही वाटतं की याला एक संधी मिळायला हवी, बिचारा चुकीच्या वाटेला लागला. आणि मग कळतं की ज्याला सगळे शोधतायत तो 'अल कातिल' हाच. मला हा ट्विस्ट खूप आवडतो कारण तो आपल्याला फसवतो पण आपल्याशी खोटं बोलत नाही. परत बघा, मूसाचा प्रत्येक सीन दोन्ही अर्थांनी चालतो, त्याचा शांतपणा पहिल्या वेळी पश्चात्ताप वाटतो आणि दुसऱ्या वेळी संयम. ज्यांनी आधीच ओळखलं होतं ते अभिमानानं सांगतात, आणि सांगावंच, कारण त्यांनी पडद्यावर जे होतं त्यावरूनच ओळखलं.

थिअरीचा नियम माझ्या मते एवढाच आहे. जे दाखवलंय त्याला धरून बोला, आणि विरुद्ध जाणारा सीन कोणी समोर ठेवला तर थिअरी सोडा. याच नियमावर लोकांनी भारी भारी गोष्टी पकडल्यात. दुसऱ्या सीझनमध्ये श्रीकांतच्या मुलीला, धृतीला, जो मुलगा भेटतो त्याच्यात काहीतरी गडबड आहे हे कितीतरी जणांना पहिल्या एक-दोन सीनमध्येच कळलं होतं. चेल्लम सर, तो फोनवरून सगळी माहिती देणारा म्हातारा, याच्यावर लोकांनी इतकं प्रेम केलं की तो नंतर याच जोडीच्या २०२३ च्या 'फर्जी' या मालिकेतही दिसला, आणि या दोन्ही गोष्टी एकाच दुनियेत घडतायत हे लोकांनी केव्हाच मांडलेलं होतं.

पहिला सीझन संपला तो दिल्लीतल्या केमिकल फॅक्टरीत, आत टास्कमधले झोया आणि मिलिंद अडकलेत, गॅस सुटायच्या बेतात, आणि स्क्रीन काळी. दुसरा सीझन आला जून २०२१ मध्ये. मधली पावणेदोन वर्षं, त्यातली बरीचशी लॉकडाऊनमध्ये, लोकांनी काय काय रचलं! दिल्ली वाचली की नाही, दोघं जिवंत आहेत का, दोष कोणाचा. मला तो काळ फार आवडला होता. अख्खा सीझन एका रात्रीत बघून टाकायच्या दिवसांत वाट बघायला लावणारी ती एकच गोष्ट होती, आणि वाट बघितल्याशिवाय थिअरी पिकत नाही. कटप्पानं बाहुबलीला का मारलं यावर २०१५ ते २०१७ सगळा देश बोलत होता तसंच काहीसं.

आता कटप्पाचाच प्रश्न घ्या, कारण लोणावळ्याच्या प्रश्नाशी तो ताडून बघण्यासारखा आहे. कटप्पानं पाठीत तलवार खुपसली हे आपण डोळ्यांनी बघितलं होतं. खून दिसला होता. तरीही लोक म्हणत होते की नाही, काहीतरी कारण असणार, त्याला कोणीतरी भाग पाडलं असणार, तो असा माणूस नाही. दोन वर्षं आपण एका खुन्याच्या बाजूनं कारणं शोधत होतो. आणि सुची? तिच्या बाबतीत आपण काहीच बघितलं नव्हतं. ती आणि अरविंद लोणावळ्याला जातात, हॉटेलात मुक्काम पडतो, आणि कॅमेरा दुसरीकडे निघून जातो. परत आल्यावर ती अस्वस्थ आहे, काहीतरी मनात ठेवून आहे. दुसऱ्या सीझनच्या अगदी शेवटी ती श्रीकांतला काहीतरी सांगायला लागते आणि ते आपल्याला ऐकू येत नाही. पहिल्या दोन सीझनमध्ये आपल्याकडे एवढंच आहे. (तिसऱ्याबद्दल मी बोलणार नाही, माझा मुद्दा त्या आधीच्या काळातल्या आपल्या वागण्याबद्दल आहे.) यावरून लोकांनी काय बोलावं! फसवणारी, नवऱ्याच्या जिवावर उठलेली, आणि याहून घाणेरडे शब्द जे मी इथे लिहिणार नाही. कटप्पासाठी कारण शोधलं, सुचीसाठी शिक्षा.

आणि हे सगळं कोणाच्या बायकोबद्दल? अशा माणसाच्या, ज्याचं कामच खोटं बोलणं आहे. श्रीकांत पहिल्या एपिसोडपासून घरी खोटं बोलतो, फायली उपसणारा सरकारी बाबू असल्याचं सोंग करतो, पोरांच्या शाळेत जायचं विसरतो, ऐनवेळी फोन ठेवून देतो, घरच्यांना धोक्यात घालतो, आणि त्यांना ते माहीतही नसतं. बायकोवर पाळत ठेवायचा मोहही त्याला आवरत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये दोघं काउन्सेलरकडे जातात तो सीन आठवा, तिथे तो त्या काउन्सेलरची टर उडवतो आणि आपण सगळे हसतो, मीही हसले, वाजपेयी तसा नटच आहे. पण शेजारी बसलेल्या सुचीच्या चेहऱ्याकडे बघा. तिथे एक बाई आहे जिला नवऱ्याशी एक वाक्य बोलायचंय आणि तो विनोद करतोय. या सीनवर, म्हणजे ती खोलीतून काय घेऊन बाहेर पडली असेल यावर, मी कोणाची थिअरी ऐकली नाही.

श्रीकांतच्या खोटं बोलण्याला देशाचं काम हे कारण मिळतं, मला मान्य आहे, त्याला दुसरा इलाज नाही. पण मग निदान एवढं तरी म्हणूया की त्या घरात गुपितं ठेवायला सुरुवात सुचीनं केलेली नाही.

याच मालिकेत आपल्याला गप्प बसलेल्या बाईकडे नीट बघायला शिकवणारं दुसरं पात्र आहे. राजी, समंथानं केलेली. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला ती कापडाच्या कारखान्यात काम करणारी एक साधी बाई आहे, सुपरवायझर त्रास देतो, बसमध्ये एक माणूस मुद्दाम अंगाला खेटतो, आणि ती मान खाली घालून उभी. आपल्याला वाटतं घाबरलेली आहे. हळूहळू समजतं की ती श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांची तयार केलेली सैनिक आहे, आणि गप्प बसणं ही तिची कवायत होती. पुढे तिच्यावर काय काय झालंय तेही कळतं, आणि मग तिचा राग, तिचं मारणं, सगळ्याला मागचा अर्थ येतो. प्रेक्षकांनी राजीला समजून घेतलं. माणसं मारणाऱ्या, पंतप्रधानांवर हल्ला करायला निघालेल्या राजीसाठी लोक हळहळले. त्यात काही चूक नाही, लिहिलंच तसंय. मग सुचीच्या गप्प बसण्याचा एकच अर्थ कसा काय निघाला? राजीला भूतकाळ मिळाला आणि सुचीला फक्त एक हॉटेलची खोली, हे लिहिणाऱ्यांचंही आहे, पण आपलंही आहे.

आमच्या घरी दुसरा सीझन आला तेव्हा रात्री जेवणानंतर सगळे एकत्र बघत होतो. शेवटचा एपिसोड संपला, सुचीनं तोंड उघडलं आणि सीन तुटला, तशी काकांनी सोफ्यावरूनच निकाल दिला, 'म्हणजे झालंच होतं.' भाऊ म्हणाला, 'मग! तेव्हाच सांगितलं होतं मी.' वहिनी ताटं उचलत होती. ती एका बँकेत आहे, तिला ट्रेनिंगसाठी दोन-तीन दिवस बाहेरगावी जावं लागतं, कधी पुणे, कधी लोणावळा, कधी नाशिक. ती ताटं हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, 'माझ्या पुढच्या ट्रेनिंगला आमचे मॅनेजर पण आहेत. रूम शेजारी शेजारी असतात. मग काय समजू, तुम्ही सगळे इथे बसून हेच बोलणार?' भाऊ म्हणाला, 'अगं, मालिका आहे ती.' वहिनी काही बोलली नाही, आत गेली. काकांनी रिमोट घेऊन बातम्या लावल्या.

भावाचं म्हणणं सगळ्यांचंच असतं, मालिका आहे ती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. पण मालिका आहे म्हणून तर आपण बिनधास्त बोलतो, आणि बिनधास्त बोलतो तेव्हाच खरं काय वाटतं ते बाहेर येतं. मुंबई-पुण्यातल्या किती कंपन्यांच्या मीटिंगा, ऑफसाइट, ट्रेनिंगं लोणावळ्यात होतात याचा काही हिशोब नाही. पावसाळ्यात एक्स्प्रेसवेवर अडकून एक रात्र जास्त थांबावं लागणं यात काय विशेष आहे? भुशी डॅमच्या गर्दीत फसलेले सगळे लफडेबाज असतात का? नोकरी करणाऱ्या बाईला आधीच दहा ठिकाणी उत्तर द्यावं लागतं, कोण सोबत होतं, किती वाजता निघालीस, फोन का लागत नव्हता. त्यात आता गावाचं नुसतं नावच टोमणा झालंय. मी स्वतः ऐकलंय, ऑफिसात एक मुलगी लोणावळ्याच्या इव्हेंटवरून परत आली तर कोणीतरी मोठ्यानं विचारलं, काय मग, काय झालं लोणावळ्यात, आणि सगळा फ्लोअर हसला. तीही हसली. हसण्याशिवाय करणार काय ती?

आता यावर लोक मला दोन गोष्टी सांगतात आणि दोन्हींत थोडं तथ्य आहे. एक म्हणजे, मालिकेनंच तसं सुचवलंय, सुचीच्या चेहऱ्यावर अपराधीपण स्पष्ट दिसतं, मग अंदाज बांधला तर काय बिघडलं. अंदाज बांधा ना. काहीतरी घडलं असावं हा अंदाज अगदी रास्त आहे, मलाही तसंच वाटत आलंय. पण काहीतरी म्हणजे काय? मनात आलेली एक गोष्ट असू शकते, अर्धवट राहिलेली असू शकते, नवऱ्याला सोडायचा विचार पहिल्यांदा केला त्याचं ओझं असू शकतं. अपराधी वाटायला माणसाला गुन्हा करावाच लागतो असं थोडंच आहे, आपल्याकडच्या बायकांना तर स्वतःसाठी दोन दिवस काढले तरी अपराधी वाटतं. या सगळ्या शक्यता पडद्यावरच्या पुराव्याशी तितक्याच जुळतात. मूसाच्या बाबतीत दहा शक्यता लढवणारे लोक इथे एकीवरच का थांबले? आणि समजा सगळ्यात वाईट अंदाज खरा आहे, तरी त्यावर जी भाषा वापरली गेली ती कशी योग्य ठरते हे मला कोणी सांगितलेलं नाही. प्रियामणी तर नटी आहे, संवाद दिलेत ते म्हणते, तिलाही प्रत्येक मुलाखतीत हाच प्रश्न.

दुसरं म्हणजे, मेकर्सनीच मुद्दाम लटकवत ठेवलं. हो, ठेवलं, आणि याबद्दल त्यांच्यावर माझा राग आहे. गॅसचा क्लिफहँगर आणि सुचीचा क्लिफहँगर यात फरक आहे. गॅस सुटला की नाही याचं उत्तर उशिरा दिलं तर कथेत काही खराब होत नाही. पण एका पात्राच्या मनात काय चाललंय हेच दोन सीझन झाकून ठेवलं तर ते पात्र पात्र राहत नाही, कोडं होतं. अरविंदसोबत तिचं काय नातं होतं, नोकरी बदलून तिला काय मिळालं, कुठे घुसमट झाली, हे सगळं बाजूला पडलं आणि एका रात्रीभोवती ती अख्खी बाई गुंडाळली गेली. प्रियामणीसारखी ताकदीची नटी हाताशी असताना हे करणं म्हणजे वायाच घालवणं. राजी आणि सुची एकाच लेखकांनी लिहिल्यात, म्हणजे त्यांना बाई लिहिता येते, मग हे न जमण्यातलं नाही.

बघायच्या आधीच निकाल द्यायची सवय फक्त सुचीपुरतीही नाही. दुसऱ्या सीझनचा ट्रेलर मे २०२१ मध्ये आला आणि काही मिनिटांच्या त्या ट्रेलरवरून तामिळनाडूत इतका विरोध झाला की राज्य सरकारनं केंद्राला पत्र लिहून मालिका थांबवायची मागणी केली. त्या लोकांचं दुखणं खोटं नव्हतं, श्रीलंकेतल्या तमिळांवर जे झालं ते बघता पडद्यावर परत त्यांनाच दहशतवादी दाखवणार ही भीती समजण्यासारखी आहे, आणि मालिका बघूनही काही जणांचा आक्षेप तसाच राहिला, तो त्यांचा हक्क. पण बघून घेतलेला आक्षेप आणि न बघता घेतलेला यात फरक असतोच.

आणि ही सवय पडद्यापुरती राहत नाही. २०२०चा पावसाळा आठवा. सुशांतसिंह राजपूत गेला, आणि त्यानंतर काही महिने घराघरात बातम्यांचे चॅनल लावून लोक थिअरी लढवत होते. त्याच शब्दांत, त्याच उत्साहात, जसं आपण सीझनच्या मध्ये लढवतो. कोण कुठे होतं, कोणी कोणाला काय मेसेज केला, ती रडली का नाही, रडली तर खरं रडली का. रिया चक्रवर्ती नावाची एक खरीखुरी मुलगी सगळ्या देशानं आरोपी ठरवून टाकली. सप्टेंबरमध्ये तिला ड्रग्जच्या प्रकरणात अटक झाली, ती भायखळ्याच्या तुरुंगात राहिली, ऑक्टोबरमध्ये मुंबई हायकोर्टानं जामीन दिला. आणि सुशांतच्या मृत्यूबाबत सीबीआयनं मार्च २०२५ मध्ये क्लोजर रिपोर्ट दिला. इतक्या वर्षांनी! ज्यांनी तेव्हा रोज रात्री निकाल दिले त्यांच्यातल्या किती जणांनी 'माझी थिअरी चुकली' म्हटलं? माझ्या आसपास तरी एकानंही नाही. मालिकेत आपण निदान पुढच्या सीझनला गप्प होतो. खऱ्या माणसाच्या बाबतीत पुढचा सीझन येईपर्यंत त्याची नोकरी, घर, झोप, सगळं गेलेलं असतं.

मला कोणी म्हणेल की मालिका आणि खरी घटना यांची सांगड घालणं ताणलेलं आहे. मला नाही वाटत. दोन्हीकडे आपण तेच डोळे वापरतो, दोन्हीकडे बाई गप्प राहिली तर दोषी आणि बोलली तर नाटकी. आणि गंमतीत का होईना, सहा वर्षं आपण सुचीवर याचा सराव केला.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की याच मालिकेनं, याच पहिल्या सीझनमध्ये, चुकीच्या संशयाचं काय होतं ते आपल्यापुढे मांडलं होतं आणि आपण त्यावर बोललोच नाही. करीम. आठवतोय? कॉलेजात शिकणारा मुलगा. टास्कला संशय येतो, धागे जुळतात, पाठलाग होतो, सगळं एखाद्या उत्तम थिअरीसारखं फिट बसतं, आणि शेवटी करीम आणि त्याच्या सोबतचे गोळ्यांना बळी पडतात. नंतर कळतं की बॉम्ब वगैरे काही नव्हतं, निषेध म्हणून मांस घेऊन निघालेली पोरं होती ती. श्रीकांतचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. ज्यानं आयुष्यभर माणसं वाचायचं काम केलं त्यानं एका पोराला चुकीचं वाचलं, आणि पुढे चूक कबूल करण्याऐवजी ती झाकली गेली. भारतीय हेरमालिकेत नायकाच्या हातून असं झालेलं मी तरी आधी बघितलं नव्हतं. हिंमत लागते असं लिहायला.

तिन्ही सीझनच्या मधल्या त्या सगळ्या काळात मी लोणावळ्यावर शेकड्यांनी थिअरी ऐकल्या, चेल्लम सर कोण यावर ऐकल्या, मिलिंद-झोयावर ऐकल्या. करीमच्या घरच्यांना कोणी काय सांगितलं, ती फाइल कुणाच्या टेबलावर आहे, श्रीकांत परत कधी त्या घराच्या दारात उभा राहील का, यावर कोणी एक शब्द बोललं नाही. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये तिसरा सीझन नागालँडला जाऊन आला, तोही गोष्ट अर्धवट सोडून गेला, परत थिअरींचा हंगाम सुरू आहे, तर मी माझी मांडते.

माझं म्हणणं असं की मूसा सुटला तो करीममुळे. क्रम बघा, करीमचं प्रकरण आधी घडतं, मूसाचं सोंग उघडं पडतं ते नंतर. एका निरपराध पोरावर संशय घेऊन त्याचा जीव गेल्यावर श्रीकांतचा स्वतःच्या संशयावरचा विश्वास उडालेला आहे, आणि नेमकं तेव्हाच समोर दुसरा एक पोरगा बसलाय जो म्हणतो मी फसलो, मला आईकडे जायचंय. परत चूक नको म्हणून श्रीकांत त्याच्यावर संशय घ्यायचं टाळतो. मूसाला श्रीकांतचा चांगुलपणा दिसला आणि त्यानं तोच वापरला. म्हणजे करीमच्या मृत्यूची किंमत पुढे, मूसा जिथून निसटला त्या हॉस्पिटलमध्ये, मोजली गेली, आणि फॅक्टरीत पण. श्रीकांत टास्क सोडून आयटी कंपनीत जाऊन बसतो आणि आपल्यापेक्षा लहान बॉसची बोलणी ऐकून घेतो ते फक्त संसार वाचवायला असं मला वाटत नाही, त्याला स्वतःच्या नजरेचीच भीती बसलीय. करीमनंतर श्रीकांत मूसाशी आधीइतकाच कठोर वागला असं दाखवणारा एक जरी सीन कोणाला सापडला तर सांगा, मी ही थिअरी त्याच मिनिटाला सोडते.